ग्रंथालयात झाईनचा उपक्रम : कागदापासून कपाटापर्यंत काय काय लागतं?

पानकोरी
तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. सभासद म्हणजे निवृत्त मंडळी, दिवाळी अंकांचे वाचक आणि अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं. घरकामगार बाया, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, सफाई कामगार, गावाबाहेरची पारधी वस्ती, यांच्यातल्या कोणाचंच कार्ड नाही. या लोकांनी स्वतः लिहिलेल्या, चित्रं काढलेल्या, झेरॉक्स करून वाटायच्या छोट्या पुस्तिका म्हणजे झाईन ग्रंथालयात करून घ्याव्यात आणि ग्रंथालयातच ठेवाव्यात असा विचार आहे. त्यासाठी तीन गोष्टी नेमक्या कळायला हव्यात. कार्यशाळेला साहित्य काय आणि किती लागतं? या पुस्तिका दाखल कशा करायच्या? आणि असे उपक्रम बहुधा कुठे फसतात? उत्साह वाढवणारे प्रतिसाद नकोत, तपशील हवेत.

घडीदार
सुरुवात एका ए-४ कागदाच्या आठ पानांपासून करा. टाचण्या नाहीत, शिवण नाही, एकाच बाजूला छपाई. प्रत्येक पान ७४ बाय १०५ मिलिमीटरचं होतं.

कागद आडवा धरा. आधी लांबीत, म्हणजे वरची कड खालच्या कडेवर आणून, दुमडा, उघडा. मग रुंदीत, म्हणजे डावी कड उजव्या कडेवर आणून, दुमडा आणि तसाच ठेवून पुन्हा एकदा रुंदीत. उघडलं की आठ चौकोन दिसतात. खालच्या ओळीत डावीकडून ८, १, २, ३ ही पानं सरळ. वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४ ही पानं उलटी, म्हणजे डोकं खाली. १ हे मुखपृष्ठ, ८ हे मलपृष्ठ. आता कागद रुंदीत एकदा दुमडा आणि दुमडलेल्या कडेकडून मधल्या आडव्या रेषेवर पुढच्या घडीपर्यंतच कात्री चालवा. त्यापुढे गेलात तर कागदाचे दोन तुकडे होतात, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांचं बहुतेक इथेच चुकतं. मग लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकला, मधली चीर उघडते आणि पुस्तिका मिटते.

पंधरा जणांना ७५ जीएसएमचे (नेहमीच्या झेरॉक्सच्या जाडीचे) चाळीस कागद, पाच कात्र्या, स्टीलच्या पाच पट्ट्या, काळी जेलपेनं पंधरा, जाड काळे मार्कर पाच, ग्लू स्टिक सहा, जुनी वर्तमानपत्रं. फेव्हिकॉल नको, त्याच्या ओलाव्याने पातळ कागद फुगतो आणि झेरॉक्सच्या काचेवर सपाट बसत नाही. पहिली वीस मिनिटं फक्त कोऱ्या कागदाची घडी घालू द्या, आणि त्या कोऱ्या पुस्तिकेवर पानांचे आकडे टाकून ती परत उघडायला सांगा. कुठलं पान उलटं का लिहायचं, हे समजावून सांगण्यापेक्षा असं लवकर कळतं.

काळीशाई
मूळ प्रत चांगली नसेल तर झेरॉक्स चांगली येत नाही. पेन्सिल अस्पष्ट उमटते, फिका निळा जवळजवळ नाहीसा होतो, लाल रंग काळपट येतो. म्हणून काळ्याने लिहा. वर्तमानपत्राचं कात्रण लावलं तर मागच्या बाजूची अक्षरं झिरपून दिसतात. कात्रणाखाली काळा कागद ठेवून आधी त्याची वेगळी झेरॉक्स काढा आणि ती चिकटवा. चिकटवलेल्या कडांची सावली रेघेसारखी उमटते, तिच्यावर व्हाइटनर फिरवा किंवा मशीनवर छपाई एक पायरी फिकी करा.

चारही कडांना सहा मिलिमीटर मोकळे सोडा, कारण यंत्र कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही. आणि संगणकावरून छापत असाल तर 'फिट टू पेज' बंद करून शंभर टक्क्यांवर छापा. नाहीतर मजकूर किंचित आकसतो, घडीची रेघ अक्षरांवरून जाते, आणि पंचवीस प्रती काढून झाल्यावर ते लक्षात येतं.

अक्षरवेल्हाळ
टंक (फॉन्ट) कोणता? श्रीलिपी चालेल?

काळीशाई
जुन्या पद्धतीचे टंक नकोत. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराचा कचरा होतो, आणि पाच वर्षांनी ग्रंथालयाला त्यातलं काही शोधताही येत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा. मुक्ता आणि बालू दोन्ही फुकट आहेत आणि झेरॉक्समध्ये टिकतात. बारीक देठाचे टंक दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रतीत तुटतात, मात्रा आणि रफार आधी जातात. आठपानीत १२ पॉइंटाला एका पानावर पन्नास-साठ शब्द मावतात. नुकतंच वाचायला शिकलेल्यांसाठी १६ पॉइंट घ्या आणि तीस शब्दांवर थांबा. हाताने लिहिलेलं असेल तर उत्तमच, टाइप करायचा आग्रह कशाला?

विश्वस्त_आठवले_नाही
थोडं थांबा. घडी आणि टंक नंतरचे. कार्यकारिणीत पहिला प्रश्न येतो, 'हे ग्रंथ आहेत का?' दुसरा येतो, 'यात कोणाविरुद्ध काही लिहिलंय का?' तपासणीला आलेले अधिकारी दाखलनोंदवही (प्रत्येक ग्रंथ क्रमांकाने नोंदवायची वही) आणि साठा जुळवतात. आठ पानांचे चिटोरे नोंदवहीत घातले आणि वर्षअखेरच्या पडताळणीत निम्मे सापडले नाहीत, तर त्याला जबाबदार ग्रंथपाल. पानकोरी, हे धाडसाने सुरू कराल आणि पहिल्याच तक्रारीला सगळं कपाट बंद होईल.

दाखलनोंद
शंका रास्त आहे, पण तोडगा आहे. दोन गोष्टी आधी करा.

एक, संग्रह धोरणाचा ठराव. अर्ध्या पानाचा पुरे: 'स्थानिक व्यक्ती व समूहांनी स्वतः तयार केलेल्या पुस्तिका, पत्रके व हस्तलिखिते ग्रंथालय स्थानिक इतिहासाचा भाग म्हणून संकलित करेल. निवड ग्रंथपाल व दोन सदस्यांची समिती करेल. आक्षेप लेखी घेतला जाईल व समिती तीस दिवसांत निर्णय देईल. तोवर पुस्तिका काढली जाणार नाही.' शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ते नसेल तर एका फोनवर पुस्तिका गायब होते.

दोन, मुख्य दाखलनोंदवहीत एकेक पुस्तिका घालू नका. पत्रके-पुस्तिकांची वेगळी नोंदवही ठेवा आणि साठ्याची पडताळणी खोक्यानुसार करा: खोका ३, नग ४०. प्रत्येक नोंदीत शीर्षक, करणाऱ्यांनी स्वतःला दिलेलं नाव, गाव, साल, पानं, आकार, भाषा, छपाईची पद्धत, विषय, भेट की खरेदी, आणि वापराची परवानगी. नाव निनावी असेल तर निनावीच लिहा, 'अमक्याची पत्नी' असं ग्रंथालयाने स्वतःच्या मनाने जोडू नये.

शिक्का मारू नका. पातळ कागदावर शिक्क्याची शाई पलीकडे उतरते. मलपृष्ठाच्या आतल्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने नंबर पुरे.

कोलन_की_दशांश
वर्गांक? दशांश पद्धतीत सगळं ३०५ मध्ये (सामाजिक गटांच्या वर्गात) जाईल आणि एकाच जागी गर्दी होईल.

दाखलनोंद
म्हणूनच दशांश वर्गांकाच्या मागे लागू नका. खोक्यात अनुक्रमांकाने ठेवा आणि विषय शब्दांतून शोधू द्या. विषयशब्द त्या त्या लोकांच्या तोंडचे हवेत. 'असंघटित क्षेत्रातील महिला श्रमिक' हा शब्द कोणी शोधणार नाही. 'घरकाम', 'कोयता', 'उचल' (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे), 'मुकादम' (टोळी नेणारा) शोधतील. आणि जमातींसाठी 'गुन्हेगार' असलेला कुठलाही जुना मथळा अजिबात वापरू नका. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण कित्येक जुन्या सूचींत तो शब्द अजून बसलेला आहे.

फुटपाथी_पुस्तके
धाग्यात सगळे कार्यशाळेबद्दल बोलताहेत, जणू या समाजांनी आजवर काही छापलंच नाही. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीपाशी आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात दीक्षाभूमीवर जाऊन बघा. गाण्यांच्या पुस्तिका, गावच्या जलशांची पदं, स्वखर्चाने छापलेली आत्मकथनं, प्रश्नोत्तरांच्या चोपड्या, कायद्याची माहिती. सोळा-बत्तीस पानं, मधे दोन टाचण्या, दहा-वीस रुपये. लेखक स्वतः चादर अंथरून विकत असतो. हेच झाईन आहे, कित्येक दशकं चालू असलेलं. आणि बहुतेक तालुका ग्रंथालयांत त्यातली एकही पुस्तिका नसते.

कारणही साधं आहे. ग्रंथखरेदी विक्रेत्याच्या बिलावर होते, आणि चादरीवर बसलेल्या लेखकाकडे बिलबुक नसतं. पण किरकोळ खर्चाचं व्हाउचर करता येतं. तारीख, पुस्तिकांची यादी, रक्कम, विक्रेत्याची सही किंवा अंगठा. एक हजार रुपये मंजूर करून घेतले तरी साठ-सत्तर पुस्तिका येतात. पानकोरी, कार्यशाळेच्या आधी हे करा. वस्तीतल्या माणसाने कपाट उघडलं तर त्याला त्याच्या ओळखीचं काहीतरी आधीच तिथे दिसलं पाहिजे. नाहीतर 'या, तुम्हाला लिहायला शिकवतो' हा सूर लागतो, आणि तो लोकांना लगेच ऐकू येतो.

पानकोरी
हे डोक्यातच नव्हतं. व्हाउचरचा मुद्दा कार्यकारिणीपुढे ठेवते.

सायक्लोस्टाइल
थोडं विषयांतर. मराठीत याची परंपरा अनियतकालिकांची, म्हणजे ठरावीक मुदत नसलेल्या छोट्या साहित्यिक अंकांची आहे. १९५४-५५ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं. अशोक शहाणे यांचं 'असो' १९६३ चं. त्यामागे साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी निघाली, बंदही पडली. आज अभ्यासकाला पूर्ण संच हवा असेल तर खाजगी घरांतली कपाटं धुंडाळावी लागतात, कारण नियमित नाही, वर्गणी नाही, बांधणी नाही म्हणून ग्रंथालयांनी ती ठेवली नाहीत. सायक्लोस्टाइलचा (स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या जुन्या यंत्राचा) कागद सच्छिद्र, शाई शोषून घेणारा आणि आम्लयुक्त. तो पिवळा पडून घडीवर तुटतो. ज्यांनी ठेवली त्यांचीही आता तुटताहेत.

खडूफळा
अनियतकालिकं साहित्यिकांची होती हो. इथे प्रश्न घरकामगार बायांचा आहे. त्याहून जवळचं म्हणजे डॉ. आंबेडकरांचा ३१ जानेवारी १९२० चा 'मूकनायक'. पैसे नाहीत, मोठी वृत्तपत्रं जागा देत नाहीत, म्हणून स्वतःचं काढायचं.

सायक्लोस्टाइल
मान्य. 'मूकनायक' पाक्षिक होतं, झाईन नव्हे, पण कारण तेच. माझा मुद्दा एवढाच की जे त्या वेळी ठेवलं नाही ते नंतर मिळत नाही.

परदेशी_पोस्ट
ग्रंथालयात झाईन ठेवण्याची पद्धत अमेरिकेत बरीच घोटली गेली आहे, त्यातलं उपयोगी तेवढं सांगते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये ग्रंथपाल जेना फ्रीडमन यांनी २००३ मध्ये झाईन संग्रह सुरू केला, भर स्त्रियांच्या, त्यातही गौरेतर स्त्रियांच्या लेखनावर. जमेल तिथे ते दोन प्रती घेतात, एक खुल्या मांडणीवर वाचायला आणि एक जतनासाठी अभिलेखागारात. हे आपल्याकडे उद्यापासून करता येईल. मुंबईत आकी थामी यांनी उभी केलेली सिस्टर लायब्ररीही स्त्रियांच्याच लेखनाची आहे.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या झाईन ग्रंथपालांनी एक आचारसंहिता लिहिली. तिचं सार असं की झाईन सार्वजनिक असलं तरी ते पन्नास-शंभर ओळखीच्या लोकांसाठी केलेलं असतं. म्हणून सूचीत नाव कसं लावायचं, स्कॅन करायचं का, हे करणाऱ्याला विचारायचं, आणि पुढे त्याने 'काढा' म्हटलं तर ते गांभीर्याने घ्यायचं.

डिजिटल_दिगू
इथे मी असहमत. शंभर प्रती काढून तालुक्यात वाटल्या तर पोचणार किती? स्कॅन करून व्हॉट्सॲपवर टाका, फेसबुकवर टाका. सामाजिक न्यायाचा मजकूर लपवून ठेवायचा कशाला?

परदेशी_पोस्ट
लपवायचा नाही, विचारून टाकायचा. ज्या घरात बाई धुणीभांडी करते त्या मालकिणीच्या मोबाइलवर तिच्याच हस्ताक्षरातलं पान आलं तर काम जातं. मुकादमाबद्दल लिहिणाऱ्या टोळीला पुढच्या हंगामात उचल मिळत नाही. कागदाची प्रत कोणाच्या हातात द्यायची हे लिहिणारी ठरवू शकते, फॉरवर्ड कुठे जाणार हे नाही.

परवानगीचा कागद चार चौकटींचा ठेवा: ग्रंथालयात वाचू द्यावं / घरी नेऊ द्यावं / झेरॉक्स काढू द्यावी / इंटरनेटवर टाकावं. चौकटींवर खुणा आणि खाली सही किंवा अंगठा. हा कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि तो कार्यशाळेच्या शेवटी भरायचा. सुरुवातीला भरला तर आपण काय लिहिणार आहोत हे माहीत नसताना सही होते.

कायदेशीर_कोपरा
यात दोन भर. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि अडचणीत सापडलेल्या बालकांची ओळख बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली उघड करता येत नाही. नाव बदलणं पुरत नाही. गाव, शाळा, नातं यांवरून ओळख पटत असेल तर तेही बदला.

दुसरं, नोंदणीची भीती अनेकदा घातली जाते. १८६७ च्या कायद्याच्या जागी आलेला प्रेस व नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू आहे, आणि तो ठरावीक मुदतीने निघणाऱ्या, सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य छापणाऱ्या नियतकालिकांसाठी आहे. पुस्तकं त्यात येत नाहीत. म्हणून 'मासिक', 'अंक दुसरा' असं छापू नका. प्रत्येक झाईनला स्वतंत्र शीर्षक द्या आणि मागे साल, गाव आणि 'ग्रंथालयात तयार केले' एवढं लिहा. काढणाऱ्याचा पत्ता छापायची घाई नको, संपर्कासाठी ग्रंथालयाचा पत्ता द्या.

दुपारी_दोन
कार्यशाळा फसतात त्या वेळेमुळे. रविवारी सकाळी अकराला ठेवलेल्या कार्यशाळेला घरकामगार येणारच नाहीत, रविवारी घरोघरी पाहुण्यांमुळे काम जास्त असतं. त्यांना सवड मिळते ती साधारण दुपारी दोन ते चार. ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या तळांवर कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) असतात. गावातली कार्यशाळा जून ते सप्टेंबरमध्ये घ्या. सफाई कामगारांची पाळी पहाटेची, म्हणजे दुपारी बाराच्या पुढे.

जागा ग्रंथालयाची नको. जिथे पायऱ्या चढताना कोणी 'काय पाहिजे?' विचारतं तिथे माणूस दुसऱ्यांदा येत नाही. समाजमंदिर, बुद्धविहार, अंगणवाडी बघा. तिथे आधी वस्तीतल्याच एका बाईशी बोलणं झालेलं असावं आणि बोलावणं तिच्याकडून जावं.

आणि पैसे. दोन तास म्हणजे कोणाचा तरी रोज बुडतो. चहा, जाण्यायेण्याचा खर्च आणि शक्य असेल तर मानधन उपक्रमाच्या अंदाजपत्रकात आधीच घाला. पाहुण्या वक्त्याला मानधन आणि लिहिणारीला फक्त पेन, हे मला मान्य नाही.

आडवा_प्रश्न
ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय?

दुपारी_दोन
बोलू द्या, दुसऱ्याने तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावं आणि तिथेच वाचून दाखवावं. बोली सुधारू नका. 'मपलं', 'आमास्नी' असेल तर तसंच छापा. भाकरी, झाडू, कोयता, विळी यांची बाह्यरेखा कागदावर ठेवून काढता येते, ती सुंदर उमटते. आवाजाचं ध्वनिमुद्रण जोडायचं असेल तर क्यूआर कोड किमान दोन सेंटिमीटरचा, भोवती पांढरी जागा सोडून. घडीवर आला तर वाचला जात नाही.

विमानतळ
घडी चुकली तर निदान कागदाचं विमान तरी होईल!

घडीदार
मधे कापलेल्या कागदाचं नाही होत. कापण्याआधी ठरवा. :)

एकटा_ग्रंथपाल
सगळं पटतं, पण बहुतेक ग्रंथालयांत एकच माणूस, तोही तुटपुंज्या पगारावर. देवघेव, झाडलोट, अनुदानाचे कागद, वर आता वस्तीत कार्यशाळा? न्यायाची सुरुवात ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या वेतनापासूनही व्हावी. झाईनमध्ये तोही विषय घ्या.

दाखलनोंद
घ्यायलाच हवा. आणि म्हणून उपक्रम लहान ठेवा, तीन महिन्यांतून एक कार्यशाळा आणि एक खोकं. दर महिन्याच्या घोषणा करणारे उपक्रम सहसा चौथ्या महिन्यात थांबतात.

पावसाळी_कपाट
जतनाबद्दल कोणी बोललं नाही. कोकण आणि घाटमाथ्याला तर हे आधी वाचा. लोखंडी टाचणी एका पावसाळ्यात गंजते आणि भोवतीचा कागद खाते. सोळा पानांच्या पुस्तिकेला सुती दोऱ्याने तीन भोकांची शिवण घाला. दाभणाने घडीवर मधे एक आणि दोन्हीकडे कडेपासून दोन-अडीच सेंटिमीटरवर एकेक भोक. सुई मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, आणि लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना टोकं ठेवून गाठ.

पीव्हीसीचे चकाकते खिसे वापरू नका. ते कालांतराने चिकट होतात, आम्ल सोडतात आणि टोनर उचलतात. पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. इंकजेटची छपाई दमटपणात पसरते, लेझर किंवा झेरॉक्स टिकते. खोकं भिंतीपासून चार बोटं आणि जमिनीपासून एक वीत वर. कसर दमट कोपऱ्यात होते, त्यामुळे डांबरगोळ्यांपेक्षा हवा खेळती ठेवणं जास्त उपयोगी. शिवाय गोळ्यांच्या वाफा वाचणाऱ्यालाही अपायकारक असतात.

अर्जदार
पहिल्या झाईनला विषय सुचवतो. माहिती अधिकाराचा अर्ज, आठ पानांत बसतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना पुरावा जोडला की शुल्क नाही. उत्तराला ३० दिवस; जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर ४८ तास. उत्तर नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं तिकीट. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस. मधल्या दोन पानांवर कोरा नमुना अर्ज द्या.

फुटपाथी_पुस्तके
उपयोगी आहे, पण पहिला विषय आपण ठरवायचा नाही. लोकांनी 'पाण्याचा टँकर' म्हटलं तर टँकर, 'आईच्या ओव्या' म्हटलं तर ओव्या. माहिती अधिकाराचं झाईन ग्रंथालयाने स्वतःचं म्हणून वेगळं काढावं.

अर्जदार
पटलं. टँकरवाल्या झाईनच्या शेजारी ठेवा, लोक आपोआप दोन्ही उचलतील.

पानकोरी
सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचा क्रम असा लावलाय. जुलैच्या सभेत धोरणाचा ठराव आणि पुस्तिका-खरेदीचे हजार रुपये. ऑगस्टमध्ये दुपारी दोन वाजता समाजमंदिरात पंधरा जणींची एक कार्यशाळा. प्रत्येकीला तिच्या झाईनच्या पंचवीस प्रती, ग्रंथालयाला दोन. चार चौकटींचा परवानगी-कागद शेवटी. डिसेंबरात दादरहून खरेदी. एक राहिलं: खुल्या मांडणीवरची प्रत घरी न्यायला द्यायची असेल तर अनामत घ्यावी का?

दाखलनोंद
अनामत नको, सभासदत्वही नको. कार्ड नसलेल्यांसाठीच तर हे चाललंय. वहीत नाव आणि झाईनचा नंबर, बस. हरवलं तर मूळ प्रतीवरून पुन्हा झेरॉक्स, म्हणून करणारीची हरकत नसेल तर तिची न दुमडलेली मूळ प्रत सपाट पाकिटात ठेवायला मागून घ्या.

काळीशाई
आणि त्या पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा, कोणत्या मशीनवर, किती गडद सेटिंगवर काढली होती. पुढच्या वेळी दहा कागद वाचतील.

फुटपाथी_पुस्तके
पानकोरी, दादरचा क्रम बदला. खरेदी डिसेंबरात आणि कार्यशाळा ऑगस्टमध्ये म्हणजे पुन्हा कपाट रिकामंच. १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती असते. तालुक्यातच त्या दिवशी पुस्तिका आणि शाहिरांची पदं कोण विकतं ते आत्ताच विचारून ठेवा, आणि व्हाउचरची वही सोबत न्या.